ओझं

रेसकोर्सवर तिला तीन शब्दांचं इंग्रजी नाव होतं.
पुढच्या उजव्या पायाची नस धरली,
नाव तिकडेच राहिलं,
घोडी सासवडला आली टेम्पोतून,
डोळ्यांवर पोतं बांधून.
यासीनभाई तिला बानू म्हणाले. त्यांच्या आत्याचं नाव.

मी वीज मंडळात बिलांच्या तक्रारी घेते.
सेहेचाळिसाव्या वर्षी रिकिबीत पाय घातला
तेव्हा घरच्यांनी आधी विमा वाढवला.
यासीनभाईंनी एकच धडा दिला:
घोडी उधळली तर मला विचारा.
घोडी थांबली तर तिला विचारा.

फेब्रुवारी. मावडीचा माळ.
कुसळी वाळून गव्हाळ झालेली,
मोज्यांत, खोगिराच्या गादीत, सगळीकडे तिची टोकं.
उजाडलं होतं, ऊन निघालं नव्हतं.
टिटवी कुठेतरी एकाच गोष्टीवरून भांडत होती
आणि मी, खरं सांगते,
उलट्या फिरणाऱ्या एका मीटरचा विचार करत होते.

बानू थांबली.

कान पुढे. मग डावा तेवढा बाजूला वळला.
मी ते पाहिलं, वाचलं नाही.
टाच मारली. पुन्हा मारली.
चल गं म्हटलं, मग हिंदीत म्हटलं,
यासीनभाई जीभ टाळूला लावून चुटचुटतात
तसंही करून पाहिलं.
सहा वर्षं शेवटच्या दोनशे मीटरला
जी चाबूक खाऊन पळाली
ती माझ्या रबरी बुटांना दाद देईना.

तेव्हा गवताचा एक तुकडा
माझ्याकडे बघतोय असं वाटलं.
चुकलं. माझ्याकडे नाही.

लांडगी.
पंचवीस पावलं असेल.
कुत्र्याहून लांब पाय, अरुंद छाती,
पोटाखाली आचळं लोंबलेली, ओली,
म्हणजे कुठल्यातरी ओढ्याच्या कडेला, बिळात, पिल्लं.
तिचे डोळे बानूवर, बानूचे तिच्यावर.
दोघींत कसली तरी मोजणी चालली होती,
आमच्या मंडळापेक्षा फार जुनी,
आणि तिच्या कुठल्याच रकान्यात मी नव्हते.
पाठीवरचं ओझं, बासष्ट किलो, घामेजलेलं.

पळ, मी मनात म्हणत होते.
तुला तेवढंच तर शिकवलंय. पळ.

मग डावीकडे बोरीखाली दुसरा हलला.
नर असावा.
तो पहिल्यापासून तिथेच होता.
मला आत्ता दिसला.
पळालो असतो तर मागे दोघं असते
आणि खाली तिचा तो पाय.

किती वेळ गेला ते टिटवीला ठाऊक.
लांडगीने जांभई दिली, जीभ आत घेतली
आणि वळली,
चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईच्या चालीने:
पळत नाही, पण रेंगाळतही नाही.
नर तिच्या मागे. गवत पुन्हा गवत.

बानू मुतली. बराच वेळ. वाफ निघाली.
माझ्या मांड्यांखाली केव्हाची थरथर होती,
ती मी माझीच धरून चालले होते.
माझी थांबली,
ती थांबेना.

ओढ्यापाशी धुळा कोळपे मेंढरं सोडत होता.
घोडीचं नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसला होता,
बानू? आमची का तुमची?
आज हसला नाही.
रातच्याला कोकरू गेलं, म्हणाला, वाघरीच्या आतनं.
लांडगीण दिसली का माळाला?

नाही, मी म्हटलं.
खिडकीमागून रोज म्हणते त्याच आवाजात.

त्याने बानूच्या मानेवरून हात फिरवला.
ओला निघाला.
हिला एवढा घाम कशाचा, बाई?

उन्हाचा.

धुळाने पूर्वेकडे पाहिलं.
तिकडे अजून काहीच नव्हतं.
तळहात घोंगडीला पुसला,
तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिवी दिली,
मला की तिला कळलं नाही,
आणि मी आले होते ती वाट सोडून
मेंढरं खालच्या अंगाला वळवली.